चावीवाला

डोंगरीत पहाटे चार चाळीसला
धाकू शेडगे रस्त्यातलं झाकण उचलतो,
लांब दांड्याची चावी खाली सोडतो.
बावीस आटे.
आधी पाइप खोकतो, मग पाणी.

मशिदीचा हौद, देरासरची टाकी,
जुलेखाबीचं निळं पिंप,
माझी बादली.

काल नाक्यावर कुणी म्हणालं,
देशाला एक धर्म असावा. कागदावर,
शिक्क्यानिशी.
बाकीचे काय, राहू देत की.

राहू देत.
रात्रभर दातात अडकून बसलं ते.

धाकूला विचारलं.
"माझा खंडोबा खिशात असतो, बाई.
चावीला दोन्ही हात लागतात."
मग घड्याळ बघून,
"सरका, पुढची गल्ली जागी झाली असेल."

बादली उचलली.
आज पाणी जरा गढूळच होतं.