बोटभर रेघ

ओश शहर. शाळेमागची व्यायामशाळा.
दर रविवारी दहा ते एक.
चाव्या माझ्याकडे, हजेरी माझ्याकडे,
आणि महिनाअखेर भरायचा तक्ता:
मुलं किती, मुली किती,
किर्गिझ किती, उझ्बेक किती,
परस्पर सामंजस्यात वाढ, टक्क्यांत.

पहिल्या रविवारी चौदा जण आले
आणि भिंतींना पाठ लावून बसले,
सात इकडे, सात तिकडे,
मध्ये बास्केटबॉलची पुसट रेघ.
त्यांच्यासाठी कुणी आखली नव्हती ती,
तरी कुणी ओलांडेना.

तुर्सुनाय बाई काही बोलल्या नाहीत.
किर्गिझ मुलं त्यांना एजे म्हणतात, उझ्बेक मुलं ओपा,
दोन्हीचा अर्थ ताई, वय सदुसष्ट.
नावावरून कुणाच्या ते कळत नाही,
आणि त्या सांगत नाहीत.
त्यांनी रेघेवरच पोतं रिकामं केलं:
मेंढीची लोकर, न धुतलेली,
लेंड्या, काटे, डोंगरातलं गवत, सगळ्यासकट.
"निवडा," म्हणाल्या.
वासानं चौदाही नाकं मुरडली.
मी वहीत टिपलं: पहिलं एकमत.

लोकरीला दोन्हीकडे शब्द एकच,
फक्त ओठांचा चंबू जरा निराळा.
मोहिरानं बेगिमायचा चंबू करून दाखवला.
बेगिमाय हसली नाही.
पण पुढच्या रविवारी लोकर मागताना
तिच्या तोंडून मोहिराचा उच्चार निघाला.
चुकून की मुद्दाम, मी विचारलं नाही.

मग कढत पाणी, साबणाचा कीस,
बोरूच्या चटईची गुंडाळी, वरून दोर,
आणि तुडवायला अठ्ठावीस पाय.
तुडवताना तोल जातो.
तोल गेला की शेजारचा खांदा धरला जातो,
कुणाचा ते धरल्यावर कळतं.
एर्निसनं धरला दोनियोरचा
आणि पोळल्यासारखा सोडला.
बदकन आपटला साबणाच्या पाण्यात.

दोनियोरच्या वडलांचं चपलांचं दुकान जळलं
तेव्हा दोनियोर रांगत होता.
एर्निसचा काका ज्या रात्री परतला नाही
तेव्हा एर्निस जन्मायचा होता.
दोघांनाही ते तोंडपाठ आहे.
म्हणून हसू फुटायला थोडा वेळ लागला.
आधी पडलेलाच हसला.

बुरणूस वाळले. एक लाल, एक निळा.
एकावर एक ठेवून दोन्ही एकदमच कापायचे,
निळ्यातलं निघालेलं लालात बसवायचं,
लालातलं निळ्यात. वाया काही जात नाही.
बेगिमाय म्हणाली, काढूया मेंढ्याचं शिंग.
मोहिरा म्हणाली, शिंग कसलं, मिरची ती,
आजोबांच्या टोपीवर चार असतात.
तासभर शिंग, मिरची, शिंग, मिरची.
बाईंनी खडूनं काहीतरी बाकदार ओढलं
आणि मोठी कात्री दोघींच्या मधे सरकवली.
जाड लोकर. एका हाताला कापवत नाही.

लाल बुरणुसात निळं बसलं, मोहिरानं शिवलं,
टाके वाकडे, पण घट्ट.
निळ्यातलं लाल तिनं घरी नेलं, काठ सारखे करायला.
दोन रविवार आली नाही.
मग कळलं, आईबरोबर रशियात गेली,
येकातेरिनबर्गला, मावशीच्या कामावर.
निरोप कुणालाच नाही.
"मिरची तिच्या पिशवीतच राहिली,"
बेगिमाय म्हणाली.

एर्निस म्हणाला, ठिगळ लावू, लाल पुष्कळ आहे.
बेगिमायनं त्याच्या हातातली सुई काढून घेतली.

महिना संपला. टक्क्यांचा रकाना कोराच आहे.
उद्या पाहुणे येणार म्हणून निळा बुरणूस
आम्ही मधोमध अंथरलाय.
बूट काढून उभं राहिलं की तळव्यांना ऊब लागते.
फक्त त्या एका भोकातून
खालची रेघ दिसते,
बोटभर.