पान चौदा, ओळ सहा ते नऊ

कागद कानडीत येतात.
मी ते मराठीत करून देतो, पानाला ठरलेल्या दरानं,
कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या मागच्या खोलीत.
समोर सुगंधा हुंदरे, मुक्काम उचगाव.
शनिवारच्या बाजारात राताळी घेऊन बसलेला मुलगा
पिशवीत परत आला, ती बाई.

तेराव्या पानापर्यंत सोपं होतं:
घड्याळ, बॅटरी, खिळे पावणेदोन किलो,
सीमेपलीकडून आलेले तीन फोन.
"कुठल्या सीमेपलीकडनं?"
तिला कोगनोळीचा नाका माहीत आहे,
राताळ्यांची गाडी तिथं तासभर खोळंबते.
म्हटलं, ती नव्हे मावशी. ती मोठी.

चौदाव्यावर तो शब्द आला.
मी लिहिलं: राज्यपुरस्कृत.
"म्हणजे बक्षीस दिलेलं?"
तिच्या मोनाप्पाला कुस्तीत तालुक्याचा पुरस्कार होता,
फ्रेम अजून चुलीमागच्या भिंतीवर आहे, काळी पडलेली.
बक्षीस नव्हे, मी म्हटलं. मागून हात असलेलं.
पैसा, कागदपत्रं, शिकवणी, लपायला खोली.
"आणि राज्य कुठलं?"
वकील हसले. झेरॉक्सवालाही.
हा प्रश्न आमच्या गावात
आजोबांच्या वेळेपासून भिंतीवर लिहिलेला आहे,
लोक त्याला सवयीनं हसतात.
ती हसली नाही.

पुढं होतं:
असण्याची शक्यता नाकारता येत नाही.
"नाकारता येत नाही म्हणजे हो?"
नाही.
"मग नाही?"
तसंही नाही.
पंचवीस वर्षं भाषांतर करतोय,
या वाक्याला कुठल्याच भाषेत बूड सापडलं नाही.

त्याखाली चार ओळी काळ्या.
मार्करनं, सावकाश, पट्टी धरून.
आम्ही इथले. डांबर फासलेल्या पाटीखालची अक्षरं
शाळेत जायच्या आधी वाचायला शिकलो,
कधी त्यांची पाटी, कधी आमची.
तिनं पान खिडकीच्या उजेडात धरलं.
मीही वाकलो.
पलीकडून फक्त तिचं बोट दिसलं,
विळ्याचा जुना वण असलेलं.

देशाच्या हिताचं असतं, वकील म्हणाले, उघडं करत नाहीत.
"म्हंजे कुणाला तरी ठाऊक हाय.
ठाऊक नसतं तर जागा कोरी सोडली असती की वो."

काळ्या ओळींचे पैसे धरत नाहीत.
मी त्या वजा करून बिल केलं.
जिन्यावरून ती परत फिरली.
राज्य सात वेळा आलं, म्हणाली, मी मोजत होते.
पोराचं नाव एकदाच,
तेबी मोहनाप्पा.
तेवढं नीट करा.

मुळात जे असेल तेच ठेवावं लागतं, मी म्हणालो.
तसा नियम आहे.