गैरअर्जदार क्रमांक दोन

उदगीरच्या कोर्टासमोर, लिंबाखाली,
झेरॉक्सच्या टपरीत मी उभी असते दहा ते सहा.
एक बाजू दोन रुपये, पाठपोट तीन.
सातबारे, जामीन, फारकती, वारसा,
लोकांची घरं काचेवर पालथी पडतात,
खालून हिरवा उजेड सरकत जातो
आणि मी वाचत नाही.
न वाचायची सवय लावून घेतलीय.

परवा पोस्टमननं माझंच पाकीट आणलं.
मोटार अपघात दावा.
अर्जदार मैनोद्दीन चाँदसाब, सायकलवर होता,
धंदा हमाली, उजवा पाय.
गैरअर्जदार एक, बसलिंग. चालक.
गैरअर्जदार दोन, शिवकांता. मालक.
तिसरी विमा कंपनी.

मालक.
शब्दावरून बोट फिरवून बघितलं.
अकरा वर्षं दारात उभी राहून सांगत आले,
मालक घरी नाहीत,
मालक झोपलेत,
मालकांना बरं नाही आज.
माणसं मान डोलवून परत जायची.
वास उंबऱ्यापर्यंत यायचा.

पिकअप घेतली तेव्हा पतसंस्थेत म्हणाले,
बाईच्या नावावर अर्धा टक्का व्याज कमी.
त्यानं पेन दिला.
ओटी भरून घ्यायला पदर पसरावा
तशी मी सही केली.
चावी एक दिवस हातात आली नाही,
पण मागच्या फळक्यावर लाल रंगात
'शिवकांता', खाली दोन कमळं.
साक्षीदाराला नंबर आठवत नव्हता.
पंचनाम्यात लिहिलंय,
नळेगाव रोडला शिवकांतानं उडवलं, थांबली नाही.

त्या रात्री मी लेकीच्या वहीला कव्हर घालत होते.
वेगळी राहायला लागून दीड वर्ष झालेलं.
निघताना घाईत वरवंटा आणला,
पाटा तिथंच.
नाव उतरवायचं राहून गेलं.
फॉर्म एकोणतीस, फॉर्म तीस,
गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे,
दोन रुपयाला एक, मीच विकते.
डाव्या खणात गठ्ठा आहे.

बिराजदार वकील म्हणाले,
नांदत नाही ते तिकडच्या कोर्टात सांगा, बाई.
इथं आरसी बुक बघतात.
रक्तात दारूचा आकडा आलाय,
विमावाले आधी पैसे भरतील
आणि मग तुमच्याकडनं काढतील.
— प्याला तो. चालवली त्यानं.
— गाडी दिली कुणी?
— मी नाही दिली.
— काढून घेतली का?
— नाही.
या दोन 'नाही'च्या मधे जेवढी जागा होती
तेवढ्यातच मी संसार केला बहुतेक.

काल दुपारी एक बाई आली.
बुरख्याची झडप मागं टाकलेली,
मिठाईच्या दुकानाची पिशवी,
पिशवीत पिशवी, त्यात कागद.
अपंगत्वाचा दाखला हाय, तीन कापी काढा.
मी कागद काचेवर पालथा घालताना
वाचला.
पंचेचाळीस टक्के. मैनोद्दीन.
तिसरी प्रत फिकी आली,
ती चुरगाळून पुन्हा काढली.
तिनं इकडंतिकडं बघितलं.
काय तरी कमी करा की.
मालक कुठं हायेत?
मी म्हटलं, मीच.
मशीन चालू होती, तिला ऐकू गेलं नसावं.
सहा रुपये झाले. दहाची नोट.
सुटे शोधायला खण ओढला तो नेमका डावा,
फॉर्मांवर दोनाची दोन नाणी पडलेली.
तिनं मोजून कनवटीला लावली, गेली.

झाकण उचललं तर
मूळ दाखला काचेवरच, अजून कोमट.

अनवाणीच पळाले,
रिक्षांमधून, ऊसाच्या गाड्यावरून वळून,
कागद उंच धरून,
अहो बाई,
अहो, तुमचा कागद—