करडई, टोलेडो

सात आठवडे तिच्या तोंडात घास नाही.
गळ्याशेजारच्या हाडाखालून एक नळी आत गेलीय
आणि वर, खुंटीला, बाटलीत तिचं जेवण:
पिवळसर, पातळ, चोवीस तासांचं एकच.
"आज काय केलंय?" ती सकाळी विचारते.
मी लेबल वाचतो. साखर, क्षार, प्रथिनं.
"पुन्हा तेच?"
आतडं हातभर उरलंय, थट्टा सगळी शाबूत.

डिसेंबरात नाकपुड्यांच्या कडा सोलल्या,
मग भुवया, मग कोपराच्या घड्या.
पोटऱ्यांवरून कांद्याचा पापुद्रा सुटावा
तसं सुटायचं काहीतरी.
मिसेस डॉम्ब्रॉव्स्की रोज चादर झटकायची
खिडकीपाशी. बाहेर बर्फ पडत होता.
त्याचं नाव कुणी काढलं नाही.

आधी संशय साबणावर. मग धोबीखान्यावर.
मग माझ्या लोकरी स्वेटरवर, तो मी गुपचूप घरी नेला.
केस कंगव्यात राहू लागले तेव्हा
डॉक्टर हॅलवर्थ तिच्याऐवजी बाटलीकडे बघत बसला.
यात तेलाचा थेंब नाही, म्हणाला.
शिरेतून देण्याजोगं तेल या देशात सध्या मिळत नाही,
आणि कातडीला ते लागतं.
बाहेरून चोळून बघू.
म्हणताना जरा ओशाळला:
एवढे पंप, एवढ्या नळ्या,
आणि शेवटी सल्ला सुइणीचा.

मनरो स्ट्रीटवरच्या दुकानात
तेलांच्या फळीसमोर मी ओव्हरकोटात उभा.
एका बाटलीवर चित्र: नारिंगी फूल, भोवती काटे.
सॅफ्लॉवर. नाव परकं,
काटे ओळखीचे.
अरे, ही तर करडई.

बार्शीकडे तिच्या वडिलांचं रान.
ज्वारीच्या कडेनं करडईच्या चार ओळी पेरायचे,
गुरं आत शिरू नयेत म्हणून.
गुरं थांबायची. ही थांबायची नाही,
पोटऱ्या ओरबाडून घेऊन घरी यायची.

दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ.
लग्नाला अकरा वर्षं झाली, पण दिवसाउजेडी,
परक्या बाईसमोर,
तिचा हात असा कधी हातात घेतला नव्हता.
मनगटाकडून वर, नळी चुकवत, भीत भीत.
"पोळीला लावल्यासारखं काय लावताय,
जिरवा की."

तिसऱ्या आठवड्यात कोपराची घडी मऊ झाली.
पोटऱ्या निवल्या.
नाकपुड्या तशाच, ओठांचे कोपरेही तसेच चिरलेले.
आणखी काहीतरी कमी पडतंय, डॉक्टर म्हणाला,
शोधतोय.

त्या रात्री मी बाटलीचं झाकण लावत होतो.
तिनं मनगट नाकाशी नेलं.
मग ओठांशी.
मग जिभेचं टोक, तेवढंच.
मिसेस डॉम्ब्रॉव्स्कीनं खिडकीचा पडदा नीट केला.
तो नीटच होता.
मग तक्ता उचलून तिनं लिहिलं:
तेल, दोन चमचे, बाहेरून.
तोंडावाटे, काही नाही.