मातीपुढची रेघ

जालना रोडच्या गॅलरीत
काचेआड अब्बूंची सुराही.
खाली कार्ड: बिदरी. कलाकार, मराठवाडा.
अठ्ठावीस हजार.

शहागंजातून निघताना अब्बूंनी
वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडलेला:
चांदी चाळीस ग्रॅम, जस्त, तांबं,
कोळसा, नवसागर, मुनव्वरची घासाई.
मातीपुढे नुसती रेघ.

किल्ल्याच्या बंद कोठडीतली माती,
ऊन-पाऊस न बघितलेली,
जिभेच्या टोकावर ठेवून पारखलेली.
तिचं काय लावायचं, म्हणाले,
ती कुठं विकत आणलीय?

चौदा तुमचे, चौदा आमचे,
केतकीताईंनी समजावलं.
भाडं, दिवे, एसी, छापलेली पत्रकं.
खोटं काहीच नव्हतं त्यात.
मी सही केली, फर्हाना बशीरुद्दीन,
आणि चहा घेतला.

एक गिऱ्हाईक वाकून बघत होतं.
चांदी किती भरेल हो यात?
चाळीस ग्रॅम.
मग बाकीचे पैसे कशाचे?

काळ्याचे, म्हणाले मी.

तो हसला. नंतर चष्मा पुसून
परत वाकला, बराच वेळ.
घेतली नाही.

रात्री वीजबिल उलटं करून बसलेय.
अब्बू झोपलेत, नखांत काळं तसंच.
रेघेवर पेन टेकलंय
आणि शाई पसरत चाललीय.