देठ

शनिवारी मातेसाल्काच्या बाजारात
गाड्यांच्या टपांवर धुकं बसलेलं असतं अजून,
तेव्हा आम्ही दोघी पोचतो.
एतेल्काचा हात माझ्या कोपरात.
सासूचे डोळे दोन वर्षांपासून
उजेड आहे की नाही, एवढंच सांगतात तिला.

भोपळे गोणपाटावर, खोक्यांत,
चार-पाच एका मोडक्या बाबागाडीत.
राखाडी, बसके, पाकळ्या पाडलेले,
पावसात विसरलेल्या भांड्यांसारखे.
रंग असतो तो आत.

मेन्हेर्त तिला पाहून बाजूला सरकतो, सिगारेट विझवतो.
ती वाकते, त्याला वेळ लागतो.
आधी देठ, अंगठ्यानं दाबून.
ओला लागला तर, "घाई केलीस रे."
बुचासारखा वाळलेला असेल, तर नख.
नख रुतलं की तो भोपळा नापास.
मग बोटाच्या पेरानं ठोका, कान खाली नेऊन,
जणू आत कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचंय,
पण दचकवायचं नाही.
शेवटी दोन्ही हातांत दोन.
"जड तो घे. हलका नुसता गप्पा मारतो."

तेवीस वर्षं मी हे बघतेय
आणि तेवीस वर्षं पिशवी धरतेय.
आमचं सख्य विळ्या-भोपळ्याचं.
विळा कोण, हे मात्र
दर आठवड्याला बदलतं.

घरी सुरी चालत नाही त्याच्यावर.
मागच्या दाराच्या दगडी पायरीशी उभी करून
ती मला तो डोक्यापर्यंत उचलायला लावते.
"आता सोड."
फुटतो. भ्रमाचा वगैरे नाही,
साधा, सात किलोंचा.
कोंबड्या पळतात आणि लगेच परत येतात.

मी आत पाहिलं.
फिका. धुऊन धुऊन विटलेल्या पडद्याचा रंग.
गर पाणचट, नुसते धागे.
तिनं निवडलेला.

मी बोलले नाही.
बिया ओरबाडून वर्तमानपत्रावर पसरल्या,
फोडी पत्र्याच्या ताटात मांडल्या, साल खाली.
या घरात भोपळ्याला काही लावत नाहीत.
साखर लावणं म्हणजे
पाहुण्याला दारातच पैसे देण्यासारखं.
तिला दिसत नाही, तरी मी तिच्याकडे पाठ केली
आणि मूठभर साखर भुरभुरली.
डब्याचं झाकण वाजलं. वाजतंच ते.

दीड तास. खिडकीच्या काचा घामेजल्या.
आधी ओल्या मातीचा वास,
बराच वेळ तोच,
मग कुठे कडा करपू लागल्या, काळ्या, चिकट,
आणि शेजारची पिरोश्का कुंपणावरून म्हणाली,
भाजताय वाटतं.

एतेल्कानं चमच्यानं गर खरवडला,
जिभेवर ठेवला, थांबली.
"हा तू निवडलास."

चुलीवर बिया तडतडत होत्या. दोन-तीन उडाल्या.

"हो," मी म्हटलं.

"वाटलंच. देठ पाहिला नसशील."

"नसेन."

मग तिनं दुसरी फोड ओढली,
सालीपर्यंत पोखरली,
साल बशीत उलटी घातली, होडीसारखी.
"साखर घालायचीच होती," ती म्हणाली,
"तर शेवटच्या अर्ध्या तासात घालायची.
आधी घातली की पाणी सुटतं."
आणि रुमालाला हात पुसले,
एकेक बोट, सावकाश.

पुढच्या शनिवारी धुकं जास्त होतं.
मेन्हेर्त नेहमीसारखा सरकला.
ती वाकली नाही.
माझ्या खांद्यावरची पिशवी चाचपून काढली,
स्वतःच्या हातात धरली, दोन्ही हातांनी,
पहिल्यांदाच शाळेत आलेल्या पोरीसारखी.
"हं," म्हणाली.

गोणपाट ओला. माझे गुडघे ओले.
अंगठ्याखाली देठ.
वाळलाय? की मला वाळलेला हवाय?
मी ठोकलं. कान नेला खाली.
मागून तिचा आवाज आला,
"बोटानं गं. मुठीनं नाही."