होडी नावाचं गाव

वूच म्हणजे होडी.
नगरपालिकेच्या प्रत्येक पत्रावर ती असते,
सोनेरी, वल्ह्यासकट.
नदी मात्र कुठे दिसत नाही.
गिरण्या आल्या तेव्हा तिला रस्त्याखाली घातलं
आणि वरून दुकानं थाटली.
शेवटच्या पेपरात तिच्यावर आठ गुणांचा प्रश्न होता.
मला साडेसात.

पाच वर्षं नद्या शिकले
आणि पदवीच्या आठवड्यातच
बिघडलेल्या फ्रिजांचे फोन घ्यायला बसले.
आवाज येतो का? कसा येतो?
गुरगुर, की टिकटिक?
तात्पुरतं आहे, आईला म्हटलं.
आई कुत्नोहून दर रविवारी विचारते,
हे तात्पुरतं कितवं?

कायेतान पलीकडच्या रांगेत, वॉशिंग मशीनवाल्यांत.
एका दुपारी त्यानं बिटाच्या सूपचा अर्धा डबा पुढे सरकवला,
त्यावर आम्ही चौदा महिने काढले.
भांडण असं झालंच नाही.
त्याचा टूथब्रश एकदा त्याच्या घरी गेला
तो परत आला नाही, एवढंच.

मग लग्नाच्या पोशाखांचं दुकान.
तोंडात टाचण्या धरून परक्या कमरा मोजायच्या,
त्यामुळे कुणाचं अभिनंदन करता यायचं नाही,
ते बरंच होतं.
तिथे बहिणीबरोबर झेमोवित आला.
त्याला सगळं थोडं थोडं यायचं:
ड्रम, स्पॅनिश, पाव भाजणं, जीव लावणं.
वर्षभरात लिस्बन, म्हणायचा.
मीही म्हणायचे.
‘वर्षभरात’ हा आमच्या खोलीतला
भाडं न देणारा तिसरा.
झेमोवित गेला,
पण लिस्बनला नाही, रादोमला.
मामाचं टायरचं दुकान आहे.

सध्या मी तळघरांतून पाण्याचे मीटर वाचते.
हेही तात्पुरतंच.
काल एका जुन्या इमारतीत, सगळ्यात खालच्या पायरीवर,
फरशीखालून काहीतरी ऐकू आलं.
टॉर्च विझवला. गुडघे टेकले. कान लावला.
गुरगुर नव्हती. टिकटिकही नव्हती.
कुणीतरी घाई न करता
खूप वेळ चालत असावं, तसं.

वरून लेओकादियाबाईंनी हाक मारली,
गळतंय का गं?
नाही, म्हटलं, नदी आहे.
त्या जरा वेळ गप्प राहिल्या.
मग तिचं बिल कुणाला येतं?

मी आकडा लिहिला.
शेवटचे दोन पुन्हा एकदा वाचून पाहिले.